सॉफ्टवेअरची इस्नाद

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा शब्दांकित आणि थोडा संपादित मजकूर)



फलकावर विषय लिहिला आहे : ‘लिनक्सवर सॉफ्टवेअर सोर्सपासून कंपाइल करावं की तयार पॅकेज टाकावं?’ चहाच्या वेळी दोघा-तिघांनी विचारलं, की शिक्षण, शिष्यवृत्ती, स्त्रियांचे हक्क असे विषय असताना शिबिरात हे कशाला? आयटीत असलेल्यांचा प्रश्न वेगळा होता. हा वाद वीस वर्षांपूर्वीचा, आता कोण कंपाइल करत बसतं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरासाठी आधी लिनक्स सोडून तुमच्या खिशातल्या फोनकडे येतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या नियतकालिकाने एक बातमी दिली. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारं ॲप. तेव्हा त्याची डाउनलोड्स ९ कोटी ८० लाखांवर गेली होती. तुमच्यापैकी अनेकांच्या अम्मी-अब्बांच्या फोनमध्ये ते असेल. या ॲपमधून, ते वापरणारा माणूस कुठे आहे याची बारीक नोंद ‘एक्स-मोड’ नावाच्या अमेरिकी कंपनीकडे जात होती. आणि एक्स-मोडच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर मुस्लिम प्रोने एक्स-मोडशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला मनाई केली. तोवर तिने नाव बदलून आउटलॉजिक केलं होतं.

आता विचार करा, नमाजची वेळ काढायला लागतं काय? अक्षांश, रेखांश, तारीख आणि अकरावी-बारावीची त्रिकोणमिती. फज्रसाठी सूर्य क्षितिजाच्या किती अंश खाली धरायचा ते ठरवायचं. कराची विद्यापीठाची पद्धत १८ अंश धरते, उत्तर अमेरिकेतली ‘इस्ना’ १५ धरते. असरसाठी सावली मोजायची. दुपारची मूळ सावली वजा करून वस्तूइतकी सावली झाली की शाफई असर, दुप्पट झाली की हनफी असर. आपले कोकणातले लोक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी, म्हणजे हा फरक तर आपल्या लग्नांमध्येही घरात येतो! एवढा सगळा हिशेब शे-दोनशे ओळींच्या प्रोग्राममध्ये बसतो. फोन स्वतःच्या स्वतः तो करू शकतो. तुमचं ठिकाण जगात कुणालाही कळवायची गरज नाही.

मग ते बाहेर जात होतं हे इतकी वर्षं कळलं का नाही? कारण आपल्याला मिळालं होतं तयार पीठ. गहू कुणी पाहिलाच नव्हता. ॲप बनवणाऱ्यांनी एक्स-मोडने तयार करून दिलेला एक तुकडा आपल्या ॲपमध्ये मिसळला होता. त्याला एसडीके म्हणतात. पत्रकाराला हे कळलं तेही आत डोकावून नाही. ॲपमधून नेटवर बाहेर काय जातंय यावर पाळत ठेवून कळलं.

म्हणून हा विषय आपला आहे.

आता मुद्द्यावर येतो. माणूस प्रोग्राम लिहितो तो वाचता येईल अशा भाषेत. त्याला सोर्स म्हणायचं. संगणकाला ती भाषा कळत नाही. कंपाइलर नावाचा दुसरा प्रोग्राम सोर्स दळून त्याचं यंत्राच्या भाषेत पीठ करतो. पिठावरून गहू पुन्हा जोडता येत नाही. फार तर तज्ज्ञ माणूस सूक्ष्मदर्शकाखाली धरून अंदाज बांधतो. लिनक्सवर तुम्हाला दोन्ही वाटा मोकळ्या असतात. किराणा दुकानातून पिठाची पिशवी आणा, नाहीतर गहू आणून निवडा, वाळवा आणि चक्कीवर उभं राहून दळून घ्या.

पिशवीची वाट सोपी. डेबियन किंवा उबुंटूवर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ म्हणायचं, पुढे नाव लिहायचं, की काम झालं. इयान मर्डॉकने १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. प्रत्येकामागे मेंटेनर असतो. तो मूळ लेखकाकडून सोर्स घेतो, गरज पडली तर त्यात दुरुस्ती करतो, डेबियनच्या यंत्रांवर ते दळलं जातं, त्यावर सही होते आणि ते तुमच्यापर्यंत येतं.

दळणाची वाट जुनी. सोर्सचं गाठोडं, ज्याला टारबॉल म्हणतात, ते उतरवायचं, उघडायचं, आणि तीन मंत्र म्हणायचे : कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. पहिला मंत्र तुमच्या यंत्रात काय आहे, काय नाही ते तपासतो. दुसरा दळतो. तिसरा डबे फडताळात लावतो. कागदावर तीन ओळी. प्रत्यक्षात पहिल्याच मंत्राला तो सांगतो, की अमुक लायब्ररी नाही. ती आणायला गेलात की तिला आणखी दोन हव्या असतात. ज्यांनी हे केलं आहे ते आत्ता हसत आहेत.

कंपाइल केल्याने प्रोग्राम खूप वेगाने चालतो, असं तुम्हाला अनेक जण सांगतील. मला यात फारसा दम वाटत नाही. आपल्या प्रोसेसरनुसार बारीक जुळवणी करता येते हे खरं. पण रोजच्या वापरात, म्हणजे ब्राउझरमध्ये किंवा ऑफिसच्या कामात, फरक जाणवण्याइतका क्वचितच असतो. व्हिडिओसारख्या जड कामांत जिथे फरक पडतो, तिथली चांगली सॉफ्टवेअर्स चालू होतानाच प्रोसेसर ओळखून त्यानुसार वागतात. ‘जेंटू’ ही लिनक्सची सगळं घरी दळणारी शाखा. त्यांचा हा बाणा प्रसिद्ध आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनीही तयार पॅकेजेस मोठ्या प्रमाणात द्यायला सुरुवात केली. क्रोमियमसारखा ब्राउझर साध्या लॅपटॉपवर दळायला बसलात तर तासन्‌तास जातात, वर विजेचं बिल.

दळणाची खरी अडचण नंतर येते. हाताने लावलेले डबे पॅकेज मॅनेजरच्या वहीत नोंदलेले नसतात. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर चूक ओपनएसएसएल या लायब्ररीत सापडली. ज्यांनी पॅकेज वापरलं होतं त्यांचं काम एका कमांडमध्ये झालं. ज्यांनी दीड वर्षापूर्वी हौसेने स्वतः दळून कुठेतरी ठेवलं होतं, त्यांना आधी ते कुठे ठेवलंय हे आठवायला हवं होतं. सुरक्षिततेसाठी कंपाइल करणारा माणूस अद्ययावत राहिला नाही, तर तो पिशवीवाल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

मग पिशवीच बरी, असं म्हणून उठायचं का? थांबा. ओपनएसएसएलचीच दुसरी गोष्ट ऐका.

२००६ मध्ये डेबियनच्या मेंटेनरने या लायब्ररीत एक दुरुस्ती केली. ‘व्हॅलग्राइंड’ नावाचं तपासणीचं अवजार दोन ओळींबद्दल कुरकुर करत होतं. त्या ओळी काढल्या गेल्या. हेतू चांगला होता. पण गुप्त किल्ली बनवताना यंत्र जी यादृच्छिकता गोळा करतं, तिचा जवळजवळ सगळा ओघ त्या ओळींमधून वाहत होता. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो असू शकतो सुमारे ३२ हजारांपैकी एक. म्हणजे प्रत्येक प्रकारच्या किल्लीच्या एवढ्याच शक्यता. एखादा चोर घरी बसून सगळ्या किल्ल्या आधीच करून ठेवू शकत होता. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. ज्यांनी मूळ लेखकाकडून गहू आणून दळला होता ते सुरक्षित होते. डेबियन आणि उबुंटूची पिशवी घेणारे सगळे उघडे पडले होते.

इथवर गुण बरोबरीत आले. आता तिसरी गोष्ट. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घेतो.

२९ मार्च २०२४, शुक्रवार. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा अभियंता मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करतो. डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर त्याचं काहीतरी मोजमाप चाललं होतं. त्याच्या लक्षात आलं की एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकात दुरून शिरायची सोय, नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त घेतेय. अर्धा सेकंद! तुम्ही-मी ‘नेट स्लो असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. तो खणत गेला, आणि जगाला कळवलं की ‘एक्सझेड’ या फाइली लहान करणाऱ्या साध्या अवजारात चोरदरवाजा बसवलेला आहे. (योगायोग बघा, त्याला आधी शंका आली त्यात त्याच व्हॅलग्राइंडची कुरकुरही होती. २००६ मध्ये तिच्यामुळे नुकसान झालं, २०२४ मध्ये तिने मदत केली.)

हा दरवाजा बसवला कसा? एक्सझेड अनेक वर्षं लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस एकटा सांभाळत होता, पगाराशिवाय, हौसेने. २०२१ च्या सुमाराला ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी छोट्या-छोट्या चांगल्या दुरुस्त्या पाठवू लागलं. २०२२ मध्ये वेगवेगळ्या नावांनी लोक कॉलिनवर दबाव टाकू लागले, की काम किती हळू चाललंय, दुसऱ्याला का देत नाही. त्यातलं एक नाव ‘जिगर कुमार’ होतं, आपल्याकडचं वाटेल असं. ही खाती बनावट असावीत, असं आता मानलं जातं. कॉलिनने स्वतःच्या मानसिक तब्येतीचा उल्लेखही तेव्हा केला होता. थकलेल्या माणसाने मदतीला आलेल्या माणसाला हळूहळू किल्ल्या दिल्या. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता.

तो लपवला होता तो प्रकार नीट समजून घ्या, कारण आपल्या विषयाचं मर्म तिथे आहे. सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्सच्या साठ्यात चाचणीसाठीच्या काही ‘बिघडलेल्या’ फाइली होत्या. खरा माल त्यांच्या पोटात होता. पण तो बाहेर काढून दळणात मिसळणारी ओळ त्या साठ्यात नव्हती. ती फक्त टारबॉलमध्ये, म्हणजे अधिकृत म्हणून बांधून दिलेल्या गाठोड्यात घातली होती. शिवाय ती ओळ आधी बघायची, की आपण डेबियन किंवा फेडोराच्या पद्धतीचं पॅकेज बनवायच्या कामात आहोत का. असलो तरच ती काम करायची. घरी कुणी नुसतं दळून बघितलं तर पीठ स्वच्छ! आणखी एक गंमत. मूळ एसएसएचचा एक्सझेडशी काही संबंधच नाही. काही वितरणांनी स्वतःच्या सोयीसाठी एसएसएचमध्ये जी भर घातली होती, तिच्यामुळे एक्सझेडची लायब्ररी तिथवर पोचत होती.

म्हणजे पिशवीवाले फसणार होते. पण त्यांची पिशवी तर गाठोड्यातल्या गव्हापासूनच बनली होती! सोर्स उघडा होता, सगळ्यांना दिसत होता, तरी फसवणूक झाली. आणि वाचलं कोण? डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणारे, जिथे नवी गोष्ट यायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि ज्यांना लोक ‘म्हातारं डेबियन’ म्हणून हिणवतात. वाचले ते सावकाशपणामुळे, आणि अर्ध्या सेकंदाचं कोडं न सोडणाऱ्या एका माणसामुळे.

आता मला सांगा, ‘हे माझ्यापर्यंत कुणाकडून, कुणाच्या हातून आलं?’ हा प्रश्न तुम्ही आधी कुठे ऐकला आहे?

बरोबर. मदरशात थोडे दिवस गेलेल्यांनी लगेच ओळखलं. हदीसचे दोन भाग असतात. ‘मत्न’ म्हणजे मजकूर, आणि ‘इस्नाद’ म्हणजे तो कुणी कुणाकडून ऐकला त्याची साखळी. हदीसच्या प्रामाण्याबद्दल आपल्या चळवळीतच निरनिराळी मतं आहेत. ती इथे बाजूला ठेवू. मला त्या अभ्यासाच्या पद्धतीत रस आहे. मजकूर कितीही सुंदर असो, आधी साखळी दाखव, असं म्हणणारी परंपरा आपल्याकडे हजार वर्षांहून जुनी आहे. साखळीत एक कडी तुटली तर दर्जा घसरतो. सांगणारा कोण, त्याची स्मृती कशी, चारित्र्य कसं, तो ज्याचं नाव घेतो त्याला खरंच भेटला होता का, यासाठी ‘इल्म-उल-रिजाल’ ही स्वतंत्र शाखा उभी राहिली.

त्या शाखेचे शब्द घेऊन एक्सझेडची गोष्ट परत वाचा. ज्या सांगणाऱ्याची ओळखच कुणाला माहीत नाही, त्याला ‘मजहूल’ म्हणतात. जिया तान मजहूल होता. त्याला कुणी पाहिलं नव्हतं, त्याच्याबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं, होतं फक्त दोन वर्षांचं गोड वागणं. साखळीत खरा स्रोत झाकून ती नीटनेटकी दाखवण्याला ‘तदलीस’ म्हणतात. उघड्या साठ्यात एक आणि गाठोड्यात दुसरं, ही तदलीसच झाली. माझं म्हणणं एवढंच आहे, की जगातले हुशार प्रोग्रामर आज ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत तो आपल्याला परका नाही. सूरह अल-हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करायला सांगितलेलं आपण भाषणांतून ऐकतो. फोनवर आलेला फॉरवर्ड पुढे ढकलताना मात्र विसरतो, पण तो वेगळा विषय.

इथे कुणी म्हणेल, मी सोर्सची ओळ न् ओळ वाचेन आणि घरीच दळेन. तरी खात्री नाही. केन थॉम्प्सन हा युनिक्सच्या जनकांपैकी एक. संगणकातला सर्वांत मोठा मान, ट्युरिंग पुरस्कार, त्याला डेनिस रिचीबरोबर मिळाला. ते भाषण १९८४ मध्ये छापून आलं. त्यात त्याने दाखवलं, की चोरदरवाजा कंपाइलरमध्येच घालता येतो. तो कंपाइलर लॉगिनचा प्रोग्राम दळताना त्यात गुपचूप वाट ठेवतो. आणि कंपाइलरचा स्वच्छ सोर्स दळायला दिला, तर नव्या कंपाइलरमध्येही तीच खोड उतरवतो. सोर्समध्ये खोटी ओळ कुठेच नाही, तरी पीठ दूषित. आपल्या आया चक्कीवाल्याला विचारतात ना, की आधी कुणाचं दळण होतं? आधीच्याची बाजरी किंवा मिरची तुमच्या गव्हात येते. गहू स्वच्छ असून भागत नाही, चक्कीच्या पोटात काय आहे तेही विचारावं लागतं.

मग माणसाने विश्वास ठेवायचा कशावर? याचंही उत्तर त्या जुन्या शाखेजवळ आहे. हदीसचा एक प्रकार ‘मुतवातिर’. प्रत्येक पिढीत इतक्या वेगवेगळ्या लोकांनी तीच गोष्ट सांगितलेली, की सगळ्यांनी संगनमताने खोटं बोलणं शक्यच वाटत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नेमकी हीच गोष्ट ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’ या नावाने चालली आहे. डेबियनने २०१३ पासून हे काम हाती घेतलं, नंतर इतर अनेक प्रकल्प त्यात आले. कल्पना साधी. एकच सोर्स पुण्यात दळला, बर्लिनमध्ये दळला, नैरोबीत दळला, तर पीठ कणाकणाने सारखं आलं पाहिजे. दोन्हीकडचा हॅश, म्हणजे फाइलीचा ठसा, जुळला पाहिजे. मग डेबियनने दिलेली पिशवी खरोखर त्या गव्हाचीच आहे का, हे कुणीही तिसरा माणूस स्वतः दळून ताडून पाहू शकतो. पिशवी की दळण हा वादच त्यामुळे निवतो. काही जणांनी दळून पाहायचं, बाकीच्यांनी पिशवी निश्चिंत वापरायची.

करायला मात्र हे फार किचकट. प्रोग्राम दळताना स्वतःत तारीख-वेळ लिहून ठेवतात, फोल्डरचं नाव लिहितात, फाइली ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाने गोळा करतात, यंत्राची भाषा मराठी आहे की इंग्रजी त्यावरून क्रम बदलतो. प्रत्येक गोष्टीने ठसा बदलतो. एकेक खोड शोधून काढत हे लोक दहा वर्षांहून अधिक काळ बसले आहेत, आणि डेबियनची बहुतांश पॅकेजेस आता चाचणीत अशी जुळतात. थॉम्प्सनच्या कोड्यावरही काम झालं. ‘गीक्स’ या प्रकल्पाने २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटच्या, हाताने तपासता येईल अशा बीजापासून सुरुवात करून पायरी-पायरीने पूर्ण कंपाइलर उभा केला. चक्कीसुद्धा घरी घडवली, म्हणा ना.

एवढं सगळं होऊ शकलं, कारण सोर्स उघडा होता आणि तो बघायचा, बदलायचा, वाटायचा हक्क परवान्यातच लिहिलेला होता. मुस्लिम प्रोच्या बाबतीत तुम्ही-मी कितीही हुशार असतो तरी दळून पाहू शकलो नसतो. गहूच दिलेला नव्हता.

इथे एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. मी स्वतः जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर्स पॅकेजमधूनच घेतो, आणि तुम्हीही तसंच करा. प्रत्येक गोष्टीत तक्लीद वाईट आणि इज्तिहाद चांगला, अशी सोपी घोषणा आपल्याकडे देतात. मला ती पटत नाही. डॉक्टरचं औषध आपण घरी बनवत नाही. पण ज्या समाजात औषध तपासू शकणारा एकही माणूस नाही, त्याचं काय होणार? आपल्या मुला-मुलींचं संगणकशिक्षण अजून एमएस-सीआयटी आणि टॅलीवर येऊन थांबतं. त्यात नोकरी मिळते, मी नावं ठेवत नाही. पण वस्तीत, मोहल्ल्यात, एका कॉलेजात निदान दोघं-तिघं अशी हवीत, की ज्यांना पीठ कुठून आलं ते शोधता येतं.

आणि हे काम आपल्यापासून दूरही नाही. तुम्ही ब्राउझरमध्ये मराठी वाचता, नस्तालीकमध्ये उर्दू वाचता, ती अक्षरं एकमेकांना जोडून योग्य जागी बसवण्याचं काम फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिसमध्ये एकच लायब्ररी करते. तिचं नाव ‘हार्फबझ’. हे नाव फारसीतलं आहे. ‘हर्फ’ आपण उर्दूत म्हणतो तेच, आणि ‘बाज़’ म्हणजे उघडं. ओपनटाइप या फॉण्टच्या पद्धतीचं हे फारसी भाषांतर, बेहदाद एस्फहबोद या इराणी प्रोग्रामरने केलेलं. ‘दुसऱ्या’तला आणि ‘तऱ्हे’तला तो चंद्रकोरीसारखा र कुठे, कसा बसतो, हे त्यात सोर्समध्ये वाचता येतं. लिनक्सवर अनेक वर्षं देवनागरीसाठी ‘लोहित’ फॉण्ट दिसला, त्याच्या कामाचा मोठा भाग पुण्यात झाला. ज्यांना कंपाइल करून बघायला काहीतरी हवं आहे, त्यांनी हार्फबझपासून सुरू करावं. छोटं आहे, फार काही मागत नाही, आणि जे दिसतं ते आपल्या दोन्ही लिप्यांचं दिसतं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी कामाच्या चार गोष्टी भरभर सांगतो. दळायचं ते ‘सुडो’ लावून व्यवस्थेच्या फोल्डरात ओतू नका. कॉन्फिगर करतानाच प्रीफिक्स देऊन आपल्या होम फोल्डरमध्ये जागा करा, म्हणजे बिघडलं तर तो फोल्डर उडवला की झालं. लायब्रऱ्या शोधत फिरू नका. डेबियन-उबुंटूवर सोर्सची यादी चालू करून ‘बिल्ड-डेप’ म्हटलं की लागणारं सगळं येतं. ‘ॲप्ट सोर्स’ने डेबियनने वापरलेला गहूच तुमच्या हातात येतो, आणि त्यात ‘डेबियन’ फोल्डरमध्ये ‘पॅचेस’ असतात. तिथे मेंटेनरने काय-काय बदललं ते वाचा. २००६ ची ती दुरुस्तीही मेंटेनरने केलेला असाच बदल होता. नेटवरून स्क्रिप्ट ओढून थेट सुडो बॅशच्या तोंडात देण्याचा सल्ला कुठेही लिहिलेला असो, आधी फाइल उतरवून वाचा. आणि ठसा ज्या साइटवरून फाइल घेतली तिथेच लिहिलेला असेल तर त्याच्या जोडीला सहीही तपासा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटची वेबसाइट फोडून चोरांनी दुवा आपल्या बनावट फाइलीकडे वळवला होता. ज्याच्या हातात साइट आहे तो शेजारचा ठसाही बदलू शकतो. सही बनवायला मात्र खाजगी किल्ली लागते.

फोनवर लिनक्सचं काही चालत नाही म्हणणाऱ्यांसाठी : ‘एफ-ड्रॉइड’ हे ॲपचं भांडार उघड्या सोर्सची ॲप्स स्वतः दळून देतं, आणि कुठल्या ॲपमध्ये न आवडणारी गोष्ट आहे हे तिथे लिहिलेलं असतं. अम्मींच्या फोनमधलं नमाजचं ॲप बदलायचं असेल तर तिथे शोधा. आणि कुठलंही ॲप असो, ठिकाणाची परवानगी काढून गावाचं नाव हाताने टाकून चालतं का ते बघा.

आता दुपारच्या सत्राचं. पेनड्राइव्हवर नमाजच्या वेळा काढणारा सी भाषेतला छोटा प्रोग्राम आणला आहे, फक्त सोर्स. जीसीसी इथल्या सगळ्या लॅपटॉपवर टाकून ठेवलं आहे, पॅकेजमधूनच. दोघांच्या जोड्या करा, शक्यतो एक कोकणातला आणि एक घाटावरचा. एकाने सावली एक ठेवून दळायचं, दुसऱ्याने दोन ठेवून, आणि आजच्या असरची वेळ काढून इथल्या मशिदीच्या वेळापत्रकाशी ताडून बघायची. मग दोघांनी सावली सारखी ठेवून पुन्हा दळायचं आणि ‘शा-२५६-सम’ने ठसे जुळवायचे. जुळणार नाहीत. सोर्समध्ये एक ओळ मुद्दाम ठेवली आहे. ती शोधून काढा, काढून टाका, आणि परत जुळवा. ज्यांचे ठसे जुळतील त्यांनी ते फळ्यावर लिहावेत, म्हणजे सगळ्या खोलीचा एकच येतो का ते बघू.

जेवणानंतर दोन वाजता बसू. हॉलमध्ये सॉकेट तीनच आहेत, एक्स्टेंशन बोर्ड असेल त्याने घेऊन यावा.